थरथर नसलेलं शून्य

हणमंत शेडगे स्टुलावर चढला, की घरातली माणसं आपोआप गप्प व्हायची. डॉक्टरनं छातीला नळी लावल्यावर होतात, तशी. छप्पन्न वर्षांचा, पोट किंचित सुटलेला, कानामागं पेन्सिल खोचलेला माणूस. पण हातात ती पांढरी, वाटीएवढी डबी असायची आणि अख्ख्या घराचा जीव त्या डबीच्या भरवशावर असायचा. त्यामुळे त्याचा रुबाब होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही.

"छतापासून वीतभर खाली," भिंतीला भोक पाडता पाडता तो सांगायचा. "खिडकीपासून लांब. पंख्याच्या झोतात नाही, पडद्याआड तर मुळीच नाही. आणि काकू, एक गोष्ट माझी शपथ आहे असं समजून पाळायची. या जाळीला हात लावायचा नाही. फडकं नाही, रंग नाही, झुरळांचा फवारा नाही. ते नाक आहे तिचं. नाक बंद झालं तर ही बया ओरडत नाही. नुसती शून्य दाखवत बसते, आणि आपण निवांत झोपतो ते कायमचेच."

काकू घाबरून मान हलवायच्या. हणमंताला ते आवडायचं.

साताऱ्यात, यवतेश्वरच्या पायथ्याला 'स्नेहबंध' नावाची दोनशे बारा घरांची वसाहत होती. इसवी सन २०४१ मध्ये असतात तशीच घरं, फक्त जरा जास्त रंगवलेली. प्रत्येक घरात 'घरवीज' होती. घरवीज म्हणजे कपाटाएवढी एक पेटी. नळातून येणारा गॅस ती पाण्याच्या वाफेबरोबर तापवून फोडते आणि त्यातला हायड्रोजन वेगळा काढून त्याची वीज करते. उरलेल्या उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापतं. पेटी रात्रंदिवस चालू. लोडशेडिंग हा शब्द लोक विसरून गेले होते.

फक्त गॅस फोडताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पेटीच्या आत एक थर असतो, तो या वायूला तिथल्या तिथे निरुपद्रवी करून टाकतो. थर ताजा आहे तोवर चिंता नाही. तो जुना झाला, एखादं पॅकिंग फाटलं, की वायू हळूच बाहेर झिरपतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आपल्या रक्ताला तर प्राणवायूपेक्षा या आगंतुकाचं कौतुक दोनशेपट जास्त. तो आला की रक्त त्यालाच कडेवर घेतं आणि मेंदू उपाशी राहतो. म्हणून सरकारनं कायदा केला, की जिथं घरवीज, तिथं डबी.

डबीच्या पोटात एक द्राव असतो. जाळीतून आत आलेला वायू त्यात पोचला, की अगदी बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो. जितका वायू, तितका प्रवाह. हवेच्या दहा लाख भागांत तो किती भाग आहे, हा आकडा डबी दर मिनिटाला बिनतारी लहरींनी वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवरच्या खांबाला कळवते. आकडा साठावर गेला आणि दीड तास तिथेच राहिला, तर ती कान फाटेपर्यंत ओरडते आणि गॅसचा नळ आपोआप बंद करून टाकते. डबीवर एक बटणही असतं. ते दाबलं की भोंगा वाजतो आणि माणसं खूश होतात. खरं तर बटणानं बॅटरी, भोंगा आणि रेडिओ एवढंच तपासलं जातं. नाक तपासायचं तर डबीला वायूच हुंगवावा लागतो. त्यासाठी हणमंताकडे चाचणीच्या वायूचा छोटा डबा असायचा. दर वर्षी दोनशे अकरा घरांत तो स्टुलावर चढायचा, मऊ ब्रशनं जाळी झाडायचा, वायूचा एक फुसकारा मारायचा, भोंगा ऐकायचा आणि मगच सही करायचा.

दोनशे बारावं घर, ब-७, त्याचं स्वतःचं होतं. तिथं तो झाडूच्या दांड्यानं बटण दाबायचा.

नऊ वर्षांत वसाहतीत एकही दुर्घटना झाली नव्हती. "शेडगे, तुमच्या हाताला यश आहे," असं लोक म्हणत, आणि हणमंत 'कसचं कसचं' म्हणत तोंडभर हसे.

पितृपक्षातल्या एका सोमवारी सकाळी डबी बनवणाऱ्या कंपनीकडून त्याच्या टॅबवर एक नवीन प्रोग्राम आला. नाव होतं 'थरथर'. सोबत कुणा इंजिनिअर मुलीचा छोटा व्हिडिओ होता. ती सांगत होती, "जिवंत घराचं शून्य कधीच स्वच्छ नसतं. तुम्ही फोडणी देता, उदबत्ती लावता, खालून एखादी जुनी मोटार जाते. आकडा शून्यावरून एकवर, दोनवर जातो आणि परत येतो. ही थरथर म्हणजे डबी श्वास घेत असल्याची खूण आहे. जी डबी महिनोन्‌महिने अगदी सपाट शून्य दाखवते, तिच्या घरची हवा शुद्ध नसते, तिचं नाक बंद असतं. आजवर आपण मोठे आकडे शोधत होतो. आता हे सपाट शून्य शोधूया."

हणमंताला एकदम पटलं. इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचं थोडं वाईटही वाटलं. त्यानं पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर बसून प्रोग्राम चालवला. चार घरांची यादी आली. पहिल्या घरात रंगाऱ्यानं जाळीवर रंग फासला असणार. दुसऱ्या घरचे परांजपे आजोबा डबीच्या हिरव्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून कुरकुरत असत, त्यांनी काहीतरी चिकटवलं असणार. तिसऱ्यात कोळी शिरला असेल. चौथं घर होतं ब-७.

ब-७ हे नाव वाचून तो आधी हसला. प्रोग्राम नवा आहे, चुकणारच.

मग तो पहिल्या तीन घरांत गेला. परांजपे आजोबांनी खरोखरच डबीला औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली होती. हणमंत त्यांच्यावर इतका ओरडला, की शेजारी डोकावले. "आजोबा, हा जिवाशी खेळ आहे! तुमच्या घरात सूनबाई दोन जिवांची आहे. तुम्हाला काही वाटतं का?" आजोबा हात जोडून म्हणाले, "चुकलं बाबा. नशीब आजच सांगितलंस." हणमंतानं पट्टी काढली, वायू हुंगवला, डबी बोंबलली. त्याला बरं वाटलं.

मग तो घरी आला.

त्याची बायको वैजयंता शिलाईखोलीत मशीनवर बसली होती. एकेकाळी साताऱ्यातल्या बायका लांबून लांबून तिच्याकडे ब्लाउज शिवायला यायच्या. ती माप लिहून ठेवत नसे. फीत एकदा फिरवली, की त्या बाईची छाती, कंबर, बाही, गळ्याची खोली सगळं तिच्या डोक्यात. पाच वर्षांनी ती बाई आली तरी वैजयंता म्हणायची, "काकी, दंड अर्धा इंच वाढलाय तुमचा." गेल्या चार वर्षांत ते सगळं विरत गेलं होतं. आधी डोकेदुखी, मग चिडचिड, मग एकाच ब्लाउजला दोन डाव्या बाह्या. गिऱ्हाइकं आधी हसली, नंतर आलीच नाहीत. आता ती जुन्या कापडाचे तुकडे एकमेकांना जोडत बसायची आणि संध्याकाळी हणमंत ते उसवून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला काम असायचं.

"आलात? जेवायची वेळ झाली का?" तिनं विचारलं.

"अजून नाही. तू चालू दे."

शिलाईखोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एक बोळ होता. घरविजेची पेटी तिथंच, डबीही तिथंच, छतापासून वीतभर खाली. बोळातून शिलाईखोलीत एक झरोका होता. हणमंत स्टुलावर चढला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या घरच्या डबीकडे तंत्रज्ञाच्या नजरेनं पाहिलं.

जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर लालभडक, कडक, बोटाएवढा जाड थर होता. हळदीकुंकवाचा.

ते कुठून आलं हे त्याला आठवावं लागलं नाही. दर वर्षी खंडेनवमीला, शस्त्रं-अवजारं पुजायच्या दिवशी, वैजयंता आपलं शिलाईमशीन पुसून त्याला झेंडूचा हार घालायची. मग हणमंताची पेटी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर पाटावर मांडून पुजायची. आणि शेवटी म्हणायची, "आता ती. तिच्यावर आपलं घर चालतंय." स्टुलावर चढून ती ओलं हळदीकुंकू बोटानं डबीवर लावायची, नेमकं मधोमध. हणमंत खाली एका हातानं स्टूल धरायचा आणि दुसऱ्या हातात ताट. पहिल्याच वर्षी त्याच्या मनात आलं होतं, की जाळीला लागतंय. पण बायकोनं श्रद्धेनं लावलेलं कुंकू नवऱ्यानं फडक्यानं पुसायचं? असलं अभद्र कोण करतं? दोनशे अकरा घरांत त्यानं शपथा घातल्या. आपल्या घरात कुंकवावर कुंकू चढत गेलं, आणि सपाट शून्याकडे पाहत तो निवांत राहिला.

त्यानं खिशातला हातमीटर काढला. बोळात आकडा सत्तर. शिलाईखोलीत, वैजयंता बसते तिथं, खिडकी बंद असताना, बासष्ट.

त्यानं गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, वैजयंताला हाताला धरून अंगणात आणलं.

"अहो, काय झालं?" ती म्हणाली. "मशीनवर कापड तसंच राहिलंय."

"सर्व्हिसिंग आहे. बस इथं जरा."

ती तुळशीच्या कठड्यावर बसली. तो घरविजेच्या पेटीची स्मृती टॅबवर उतरवू लागला. पेटीला वायू मोजता येत नाही, पण आपला थर किती थकलाय हे ती नोंदवत असते. थर चार वर्षांपूर्वी खचायला लागला होता. वैजयंतानं पहिल्यांदा डोकं दुखतं म्हणून सांगितलं, त्याच पावसाळ्यात.

आणि मग एकेक गोष्ट त्याच्या अंगावर यायला लागली. वैजयंता मुलीकडे पुण्याला चार दिवस गेली, की टवटवीत व्हायची, फोनवर गाणी म्हणून दाखवायची. घरी परतली, की पुन्हा सुस्त. तेव्हा तो म्हणाला होता, "लेकीकडे बरी असतेस. नाटकं सगळी माझ्यासमोरच." तिला दाखवलं त्या मेंदूच्या डॉक्टरांनी अगदी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "घरी घरवीज आहे ना? वायूचा काही त्रास?" आणि हणमंतानं ताठ मानेनं उत्तर दिलं होतं, "साहेब, डबी मीच बसवतो. इतक्या वर्षांत शून्याच्या वर आकडा नाही." डॉक्टरांनी तो प्रश्न कागदावरून खोडला आणि पुढचा विचारला, "यांच्या आईला असं काही होतं का?" होतं. सासूबाई सत्तरीत सगळं विसरल्या होत्या. मग निदान झालं. लवकर आलेला स्मृतिभ्रंश, बहुधा रक्तातून आलेला.

बहुधा. त्या एका शब्दावर त्याच्या मुलीचं आयुष्य अडलं होतं.

स्वरांगी अठ्ठावीस वर्षांची होती, पुण्यात नोकरीला. कराडच्या वरद पिसाळशी तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडाही झाला होता. आईचं निदान कळल्यापासून ती आतून खचली होती. तपासण्या करून आली, त्यांतून धड काही निघालं नाही. 'असू शकतं, नसूही शकतं.' त्या सोमवारीच दुपारी तिचा फोन आला.

"पप्पा, मी ठरवलंय. रविवारी कराडला जाऊन त्यांना सगळं सांगते. घट बसले की ते हॉल बुक करणार आहेत. त्याआधी सांगायला हवं. लपवून लग्न करणार नाही मी. उद्या माझंही आईसारखं झालं, माझ्या मुलांचं झालं, तर? त्यांना ठाऊक असलेलं बरं."

हणमंताच्या तोंडात शब्द आले होते. स्वरा, ते रक्तात नाही. ते हवेत होतं.

"पप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. घाई करू नकोस इतकंच."

"पितृपक्षात लग्नाचं बोलत नाहीत म्हणून? मोडायला कुठला मुहूर्त लागतो?" ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आधी खात्री करून घेऊ, असं त्यानं मनाला सांगितलं. खात्री झाल्याशिवाय पोरीला उगीच आशा लावायची नाही. हे त्याला शहाणपणाचं वाटलं. मंगळवारी त्यानं पेटीचा थर बदलला आणि शिलाईखोलीत दाराच्या वर, वैजयंताच्या पाठीमागं, तिला दिसणार नाही अशी नवी डबी लावली. जुनी काढून कपाटात ठेवली. अर्ध्या तासानं पाहतो तो वैजयंता बोळात, रिकाम्या खिळ्याखाली उभी राहून रडत होती. "आपली डबी कुठं गेली? घर उघडं पडलंय हो." त्यानं जुनी पुन्हा टांगली, तेव्हा ती शांत झाली.

बुधवारी तो तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रक्त घेतलं, मेंदूचं चित्र नव्यानं, आता काय शोधायचं हे माहीत असल्यासारखं पाहिलं. मग चष्मा काढून ठेवला.

"शेडगे, तुम्ही तर म्हणाला होतात, शून्य आहे."

"हो साहेब."

डॉक्टरांनी चित्र पाकिटात परत घातलं. भला माणूस होता, दोष दिला नाही. "आता नवं नुकसान होणार नाही. डोकेदुखी थांबेल, थोडी तरतरी येईल. पण जे गेलं ते परत यायचं नाही. चार वर्षं, रोज आठ तास."

"आणि हे... रक्तातलं नाही?"

"नाही. सासूबाईंचं वय झालं होतं, ते वेगळं. तुमच्या मुलीला आजच कळवा. उगीच घोर लागला असेल तिला."

आजच कळवा. हणमंत हो म्हणाला. पण फोन हातात घेतला, की पुढचं सगळं त्याला ऐकू यायचं. मग पप्पा, डबी का वाजली नाही? डबी कुणी तपासायची होती? आई म्हणायची ना, डोकं दुखतंय म्हणून? दोनशे अकरा घरं वाचवणाऱ्या माणसाला हे प्रश्न आपल्या पोरीच्या तोंडून ऐकायचे नव्हते. गुरुवारी तो म्हणाला, उद्या. शुक्रवारी म्हणाला, फोनवर सांगण्यासारखं नाही, समोर बसून सांगू. शनिवारी त्यानं तिचा नंबर लावला, दोन रिंग वाजल्या आणि त्यानं तोडला. तिनं उलट फोन केला, तर म्हणाला, "चुकून लागला गं." भेकड माणसाला कारणांचा तोटा नसतो, आणि हणमंत त्या आठवड्यात किती भेकड झाला होता हे त्याचं त्यालाच ठाऊक.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला स्वरांगी कराडहून थेट घरी आली. चप्पल काढली, हातपाय धुतले, खुर्चीत बसली. चेहरा शांत होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा.

"सांगितलं," ती म्हणाली. "वरदच्या आईनं चहाचा कप अर्धाच ठेवला. वरद माझ्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. मग मीच म्हटलं, राहू दे. अंगठी देऊन आले."

वैजयंता स्वयंपाकघरात चहा करत होती. डब्यांची झाकणं उघडून साखर शोधत असल्याचा आवाज येत होता.

हणमंत म्हणाला, "स्वरा, ते रक्तात नाही."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. थर, झरोका, बासष्ट आकडा, डॉक्टर. कुंकवाचंही सांगितलं. बोलताना तो जमिनीकडे पाहत होता. बोलून झाल्यावर त्यानं मान वर केली. मुलीच्या चेहऱ्यावर क्षणभर खरंच काहीतरी उजळलं होतं. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले होते. म्हणजे मला नाही. म्हणजे माझ्या मुलांना नाही.

मग ते हात खाली आले.

"पप्पा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"याच. आणि डॉक्टर बुधवारी म्हणाले."

"मी सोमवारी फोन केला होता तुम्हाला," स्वरांगी म्हणाली. "शनिवारीपण केला होता."

हणमंतानं खिशातला फोन काढून तिच्यापुढं धरला. तो म्हणाला, "अजून काय बिघडलंय? आत्ता फोन लाव त्यांना. मी बोलतो. डॉक्टरांचा कागद दाखवतो."

"काय सांगणार? दुपारी रक्तात होतं, संध्याकाळी हवेत गेलं? त्यांनी अंगठी ठेवून घेतलीय पप्पा. एव्हाना कराडात चार घरांत सांगूनही झालं असेल, की शेडग्यांच्या घरात वेडाचा आजार आहे, पोरीनंच कबूल केलं." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही काल सांगितलं असतंत, तर ते कारण होतं. आज ती सबब आहे. डॉक्टरांचा कागदसुद्धा लोक म्हणतील, पैसे देऊन आणलाय."

दारात भांड्याचा आवाज झाला. वैजयंता ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. चहा बशीत सांडला होता.

"म्हणजे माझ्या बोटानं झालं हे?" ती म्हणाली. चार वर्षांत तिचे डोळे इतके स्वच्छ हणमंतानं पाहिले नव्हते.

तो धडपडत उठला. "नाही वैजू. माझ्यामुळं. मी पुसायला हवं होतं. मला सगळं कळत होतं आणि मी पुसलं नाही."

"तुम्ही कसं पुसणार?" एखाद्या खुळ्याला समजवावं तसं ती म्हणाली. "कुंकू होतं ते." मग तिनं ट्रे टेबलावर ठेवला, त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. "रडू नका हो. पोरीसमोर बरं दिसतं का?"

ती परत स्वयंपाकघरात गेली. दहा-पंधरा मिनिटांनी वैजयंता पुन्हा ट्रे घेऊन बाहेर आली, पुन्हा तीन कप. आधीच्या कपांकडे तिनं नवलानं पाहिलं, आणि हसून लेकीला विचारलं, "काय गं, कराडचे काय म्हणाले? हॉल कुठला घेतायत?"

स्वरांगी आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. आई तिच्या पाठीवर थोपटत राहिली आणि हणमंताकडे बघून खुणेनं विचारत राहिली, की हिला झालं तरी काय. साडेसातच्या गाडीनं स्वरांगी पुण्याला गेली. निघताना ती नेहमी दोघांच्या पाया पडायची. त्या दिवशी आईच्या पडली, आणि हणमंताला एवढंच म्हणाली, "आईला सांभाळा. आता तरी."

नवरात्रात ती आली नाही. फोन करायची, पण आईच्या फोनवर.

खंडेनवमीला सकाळी वैजयंता लवकर उठली. तिचं डोकं आता दुखत नसे, चालण्यात थोडी उभारी आली होती. डॉक्टर म्हणाले होते, तेवढंच सुधारलं, त्यापलीकडे काही नाही. तिनं मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला. पाटावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर ओळीनं मांडले. हातांना सगळं आठवत होतं.

"स्वराचं लग्न कधी आहे हो?" हळद कालवता कालवता तिनं विचारलं. रोज सकाळी विचारायची.

"ठरलं की सांगतो," हणमंत म्हणाला. रोज हेच म्हणायचा. पहिले काही दिवस त्यानं खरं सांगून पाहिलं होतं. दर वेळी ती नव्यानं ऐकायची आणि नव्यानं रडायची, म्हणून मग त्यानं ते थांबवलं.

"आता ती," वैजयंता म्हणाली. "तिच्यावर आपलं घर चालतंय."

हणमंतानं बोळात स्टूल ठेवलं, घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातात ताट घेतलं. वैजयंता सावकाश वर चढली. शिलाईखोलीच्या दारावरच्या नव्या डबीनं उदबत्तीचा वास घेतला असावा. त्याच्या खिशातल्या टॅबला बारीक धक्का बसला. एक, दोन, पुन्हा एक. त्यानं तिकडे पाहिलं नाही. वैजयंतानं ओलं बोट जुन्या डबीच्या मधोमध, लाल थरावर अलगद टेकवलं, डोळे मिटले. मग बटण दाबलं. भोंगा असा काही घुमला, की अंगणातली कबुतरं उडाली.

ती खाली त्याच्याकडे बघून लहान मुलीसारखी हसली.

"बघा, इतकी वर्षं झाली, अजून ठणठणीत वाजतेय. उगीच नाही लोक म्हणत. तुमच्या हाताला यश आहे."

"हो," हणमंत म्हणाला, आणि ताट धरून तसाच उभा राहिला.